यवतमाळचे ढेमसे आणि त्याची इंग्रजी नावे

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या कवेत वसलेला यवतमाळ जिल्हा आपल्या समाजातील व्यापारी घराण्यांना नवा नाही. कळंब, राळेगाव, घाटंजी, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा यांपैकी एखाद्या गावाशी आपल्यापैकी पुष्कळांचे सरकीचे, कापसाचे, कापडाचे किंवा सोयरिकीचे नाते असते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर आहे, पण उन्हाळ्यात त्या उंचीचा फारसा आधार वाटत नाही. काळी माती भेगाळलेली, पळस फुलून गेलेला, आणि सकाळी दहाच्या आत बाजार उरकून घेण्याची सर्वांची घाई.

या जिल्ह्याला इंग्रजी नावांनी चकवण्याची जुनी सवय आहे. १९०५ पूर्वी जिल्ह्याचे नाव वणीवरून होते आणि साहेबाच्या दप्तरात ते ‘वून’ असे लिहिले जाई. १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव आले, पण तेही इंग्रजी कागदांत ‘येओटमाल’ झाले. जुन्या दस्तऐवजांत आणि पेढ्यांच्या पत्रव्यवहारात हा उच्चार आजही सापडतो. कापसाचे तसेच. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात लिव्हरपूलला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मोल आले आणि मारवाड-गुजरातेतून व्यापारी कुटुंबांचा या भागातील ओघ वाढला. वऱ्हाडच्या शेतांतला तो कापूस मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई, कारण परदेशी दलालाच्या तोंडी अमरावती या शब्दाचे तेवढेच उरले होते. शेतकऱ्याला हे नाव ठाऊक नव्हते, गिरणीवाल्याला शेत ठाऊक नव्हते. मधला व्यापारी मात्र नावावर न जाता नमुना हातात घेई, धागा ओढून पाही आणि मगच भाव बोले.

हे सर्व आठवण्याचे निमित्त एक साधी भाजी आहे.

यवतमाळच्या भाजीबाजारात फाल्गुन-चैत्रापासून हिरव्या, गोल, चपट्या फळांचे ढीग दिसू लागतात. आकार लिंबाहून मोठा आणि सफरचंदाहून लहान. कोवळ्या सालीवर बारीक लव असते, देठ आखूड आणि जाडसर. विदर्भात हिला ढेमसे म्हणतात. अंगाने गोल-गरगरीत मुलाला ‘ढेमशा’ म्हणून चिडवणारे लोक इथलेच. (याच जिल्ह्यातील गोंड आणि कोलाम वस्त्यांत ‘ढेमसा’ नावाचे सामूहिक नृत्यही आहे. त्याचा भाजीशी संबंध जोडण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.) पुण्या-मुंबईकडच्या अनेक मराठी घरांत हे नाव उच्चारले तर समोरचा माणूस गोंधळून पाहतो. विदर्भातून बदलीवर गेलेल्या कुटुंबांना हा अनुभव नेहमीचा आहे.

बाजारातील बाई म्हणते, “कोवळे हायेत जी, नख लावून पाहा ना.” आपल्या घरातील काकीसा तिच्याशी अस्सल वऱ्हाडीत भाव करतात, “मावशी, काल तर कमी होता भाव,” असे म्हणून अर्धा किलो पिशवीत टाकतात आणि घरी येऊन सुनेला सांगतात, “आज टींडसी करां.” बाजारात ढेमसे आणि उंबरठ्याच्या आत टींडसी! मारवाडातून आलेल्या कुटुंबांना वऱ्हाडात पाऊल ठेवल्यावर भाषा परकी वाटली असेल, पाणी परके वाटले असेल, पण बाजारात ही ओळखीची भाजी भेटली असेल तेव्हा किती बरे वाटले असेल, याची कल्पना करता येते. चार पिढ्यांनंतरही स्वयंपाकघरात तिचे जुने नाव टिकून आहे. हिंदीत तीच टिंडा आणि काही ठिकाणी दिलपसंद. सिंधी मंडळी तिला मेहा म्हणतात.

इथवर घोटाळा नाही, कारण नावे अनेक असली तरी ती वापरणारी माणसे भाजी ओळखतात. घोटाळा इंग्रजीत सुरू होतो. आपल्या मुली आणि सुना आता लंडन, न्यू जर्सी, सिंगापूर अशा ठिकाणी संसार थाटत आहेत. तेथील भारतीय दुकानात पाटीवर काय लिहिलेले असते? कुठे ‘राउंड गोर्ड’, कुठे ‘ॲपल गोर्ड’, कुठे ‘इंडियन बेबी पम्पकिन’. आपल्याकडील कृषिविषयक इंग्रजी पुस्तकांत ‘राउंड मेलन’ आणि ‘स्क्वॉश मेलन’ ही नावे आढळतात. या नावांवरून पाहिले तर ढेमसे हे सफरचंदही आहे, खरबूजही आहे आणि भोपळ्याचे पिल्लूही आहे. प्रत्यक्षात ते यांपैकी काहीच नाही.

‘स्क्वॉश’ या शब्दाची गंमत निराळी आहे. आपल्या पिढीला स्क्वॉश म्हटले की संत्र्याच्या सरबताची बाटली आठवते. अमेरिकेत मात्र तो भोपळावर्गीय फळभाज्यांचा शब्द आहे आणि तो तेथील नॅरागॅन्सेट या मूलनिवासी लोकांच्या भाषेतून आला. रॉजर विल्यम्स याने १६४३ मध्ये त्या भाषेवर पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या शब्दाचे मूळ रूप नोंदलेले आहे. अर्थ साधारणतः ‘हिरवे, कच्चे खाण्याजोगे’ असा. अमेरिकेतील स्क्वॉश म्हणजे आपल्या लाल भोपळ्याच्या कुळातील फळे, आणि ती सारी मूळची अमेरिका खंडातील. ढेमसे आपल्या उपखंडातले. तेव्हा ‘स्क्वॉश मेलन’ म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

शास्त्रज्ञांनाही ढेमसे नेमके कोणाच्या पंगतीत बसवावे हे ठरवायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. सिंधमध्ये काम करणारे डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन एलर्टन स्टॉक्स यांनी १८५१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला कलिंगडाच्या गणात घातले. पुढे अनेक वर्षे ते कलिंगडाचाच एक प्रकार समजले गेले. १९४४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ पांगालो यांनी त्याला स्वतंत्र गण दिला, कारण कलिंगडाशी त्याचा मेळ बसत नव्हता. कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात, ढेमशाच्या पेशीत २४. अलीकडे, २०११ मध्ये, शेफर आणि रेनर या अभ्यासकांनी त्याला बेनिनकासा या गणात आणून बसवले. या गणाचा आपल्या परिचयाचा सदस्य म्हणजे कोहळा. पेठा ज्यापासून होतो तो पांढरा कोहळा हाच ढेमशाचा खरा चुलतभाऊ.

येथे विदर्भाबाहेरच्या वाचकांनी जरा थांबावे. वऱ्हाडात ‘कोहळं’ म्हणतात ते लाल भोपळ्याला. कोहळ्याची बोंडे, कोहळ्याची भाजी ही सारी लाल भोपळ्याची. पश्चिम महाराष्ट्रात कोहळा म्हणजे पांढरा, राखेसारखा थर असलेला. लाल भोपळ्यालाच कोणी काशीफळ म्हणते, कोणी गंगाफळ, कोणी डांगर. म्हणजे आपल्या आपल्यातही नावांचा हिशेब जुळलेला नाही. मग बिचाऱ्या इंग्रजांना काय दोष द्यावा?

हा विषय केवळ शब्दकोशाचा असता तर एवढा विस्तार केला नसता. आपल्या घरांत मात्र भाजीचे नाव हा नियमाचा विषय आहे. बावीस अभक्ष्यांमध्ये ‘अज्ञात फळ’ हेही एक सांगितले आहे, म्हणजे ज्याचे नाव-गुण आपल्याला किंवा जाणत्यांना ठाऊक नाहीत असे फळ. वंकचूलाची कथा आपण लहानपणी पाठशाळेत ऐकलेली असते. दरोडेखोरांचा तो नायक आचार्यांकडून चार नियम घेतो, त्यांतील पहिला अनोळखी फळ न खाण्याचा. रानात उपाशी असताना साथीदार देखणी फळे तोडून खातात. वंकचूल नाव विचारतो, कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तो खात नाही. फळे किंपाकाची, विषारी. सकाळी तो एकटाच जिवंत उरतो.

ही कथा मनात ठेवून परदेशातील दुकानात उभ्या असलेल्या मुलीचा विचार करावा. आमच्या परिचयातील एका घरची सून लग्नानंतर इंग्लंडला गेली. अज्ञात फळाचा त्याग तिने माहेरीच घेतलेला. दुकानात हिरवी गोल फळे दिसली, पाटीवर ‘ॲपल गोर्ड’. पाहता क्षणी ढेमशासारखी वाटली, पण नाव कधी ऐकलेले नाही. तिने छायाचित्र काढून सासूबाईंना यवतमाळला पाठवले. सासूबाईंनी इंग्रजी नावाची चौकशीच केली नाही. त्यांनी विचारले, “सालीवर लव आहे का गं? देठ कसा आहे? कापल्यावर गर पांढरा आहे का, आणि बिया काकडीसारख्या पातळ आहेत की चपट्या, टपोऱ्या?” या चार प्रश्नांची उत्तरे आल्यावर त्या म्हणाल्या, “टींडसीच आहे, कर.” आमच्या मते सासूबाईंची पद्धत कापसाच्या जुन्या व्यापाऱ्याचीच होती. नमुना पाहिला, धागा ओढला.

उलट बाजूचा धोकाही ध्यानात घ्यावा. नाव ओळखीचे वाटते आणि वस्तू निराळी निघते. परदेशातील दुकानांत ‘टिंडोरा’ अशी पाटी सर्रास असते. ‘टिंडा’ समजून कोणी ती पिशवी उचलली तर घरी तोंडली येतील. तोंडली काही वाईट भाजी नव्हे, पण ज्या घरी चातुर्मासात मोजक्याच हिरव्या भाज्या मोकळ्या ठेवून बाकीच्यांचा त्याग केलेला असतो, तेथे हा फरक क्षुल्लक नाही. यादीत टींडसी आहे आणि तोंडली नाही, तर टिंडोरा चालणार नाही. याच यादीत काही घरांत दुसरी गफलत होते. सासूबाईंनी ‘टींडसी’ लिहिलेले असते, सूनबाई त्याखाली ‘ढेमसे’ लिहितात, आणि एकच वस्तू दोनदा मोजली जाते. अशाने एक भाजी विनाकारण हातची जाते. त्याग वस्तूचा असतो, शब्दाचा नसतो, म्हणून यादी करताना घरातील दोन पिढ्यांनी एकत्र बसणे चांगले.

आता स्वयंपाकाकडे वळू. ढेमसे घ्यायचे ते कोवळे. नख सहज रुतले पाहिजे आणि हाताला लव जाणवली पाहिजे. जून झाले की साल गुळगुळीत आणि कडक होते, गर कापसासारखा होतो आणि बिया दाताखाली येतात. कोवळ्याची साल काढू नये. सुरीच्या पाठीने लव खरवडून धुतले की पुरे. उन्हाळी आणि पावसाळी असे दोन हंगाम मिळतात, त्यातल्या त्यात उन्हाळी ढेमसे अधिक चवदार, असे आमचे मत आहे. पावसाळी फळात पाणी जास्त असते. पावसाळ्यात किडीसाठी प्रत्येक फळ चिरून, उजेडात नीट पाहूनच घ्यावे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या घरांतील प्रमुख प्रकार भरलेल्या टींडसीचा. अर्धा किलोत लहान आकाराची दहा-बारा फळे बसतात. देठाकडची बाजू जोडलेली ठेवून अधिकाच्या चिन्हासारखी चीर द्यावी. चार मोठे चमचे बेसन कोरडेच खमंग भाजावे, त्यात धणेपूड, भरड कुटलेली बडीशेप, तिखट, हळद, आमचूर, हिंग, मीठ आणि थोडे तेल कालवून हे सारण दाबून भरावे. जाड बुडाच्या कढईत तेलावर जिरे-हिंग टाकून फळे एकेक करून मांडावीत. वर ताटली ठेवून तिच्यात पाणी घालावे आणि मंद आंच ठेवावी. ढेमसे स्वतःचेच पाणी सोडते, वेगळे पाणी घालणाऱ्या हाताला या भाजीचा स्वभाव कळलेला नाही. पंधरा-वीस मिनिटांत भाजी होते. दुकानातून साडेपाचला परतलेल्या माणसाला सूर्यास्तापूर्वी जेवायचे असते, त्या घरात या भाजीची किंमत अधिक कळते.

वऱ्हाडी शेजारणी सारणात शेंगदाण्याचा कूट, तीळ, सुके खोबरे आणि काळा मसाला घालतात. त्यांचा कांदा-लसूण आपण वगळतो. काही घरी खसखस असते, तीही बहुबीज म्हणून आपल्याकडे बाद. तिच्या जागी तीळ थोडे वाढवले की रस्सा तितकाच दाट होतो. घरच्या काळ्या मसाल्यात कांदा-लसूण नाही ना, याची मात्र बाहेरून आणताना खात्री करावी. हा रस्सा ज्वारीच्या भाकरीबरोबर खावा. गव्हाच्या फुलक्याबरोबर तो लागतो चांगला, पण शोभत नाही.

तिसरा प्रकार हरभऱ्याच्या डाळीबरोबरचा आणि चौथा दह्यातला. दह्यातल्या टींडसीत नव्या सुनांकडून एक गोष्ट हमखास राहते. सारणात बेसन असेल, तर कच्चे दही वरून ओतणे म्हणजे द्विदळाचा दोष. दही आधी चांगले घुसळून, गरम करून घ्यावे, सतत ढवळावे म्हणजे फुटत नाही, आणि मग त्यात फळे सोडावीत. परदेशी पाककृतींच्या पुस्तकात ही सूचना सापडणार नाही.

ताजे ढेमसे मिळत नसेल तर काय? परदेशात खाऱ्या पाण्यातले डबाबंद टिंडे मिळतात. त्यांतील खारट पाणी ओतून देऊन फळे दोनदा धुवावीत आणि भाजीत मीठ घालण्याआधी चव पाहावी. त्यांचा कुरकुरीतपणा गेलेला असतो, म्हणून भरण्याच्या भानगडीत पडू नये, रस्साच करावा. डब्यावरील घटकांची यादी वाचावी. दुसरा पर्याय गोल झुकिनीचा. ‘एट बॉल’ नावाच्या गोल, हिरव्या झुकिनीला १९९९ मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्स हा तेथील वाणांसाठीचा पुरस्कार मिळाला. दिसायला ती ढेमशाची थोरली बहीण वाटते, पण कुळाने ती लाल भोपळ्याची. गर मऊ, शिजते लवकर, आणि चवीत ढेमशाचा तो किंचित गवती हिरवेपणा नाही. सारण भरून केली तर जेवण होते, टींडसी खाल्ल्याचे समाधान मिळत नाही. ज्यांच्या यादीत भोपळा मोकळा नाही, त्यांनी झुकिनीचे कुळ लक्षात घेऊन घरच्या जाणत्यांना विचारावे.

एक जुनी गोष्ट आता मारवाडात टिकली आहे आणि आपल्याकडे हळूहळू मागे पडत आहे. टींडसीच्या चकत्या करून उन्हात वाळवायच्या, त्यांना तिकडे फोफळिया म्हणतात. केर, सांगरी, काचरी यांच्याबरोबर फोफळियाची पिशवी राजस्थानातून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानात असे. यवतमाळच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम दोन-तीन दिवसांत होते. गच्चीवर स्वच्छ सुती कापड अंथरावे, पातळ चकत्या एकमेकींना न चिकटता पसराव्यात, वर दुसरे विरळ कापड टाकावे, आणि मोडल्यावर कट्कन आवाज आला की हवाबंद डब्यात भराव्यात. वापरताना कोमट पाण्यात भिजवून, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत दही किंवा आमचूर घालून भाजी करावी. पावसाळा लागल्यावर ओल धरलेल्या वाळवणाबाबत ज्येष्ठ मंडळी कडक असतात आणि ते योग्यच आहे, तेव्हा डबा मृगापूर्वी संपवण्याच्या बेतानेच चकत्या कराव्यात. परदेशी जाणाऱ्या मुलीच्या सामानात अशी पुडी द्यायची असेल तर त्या देशाचे नियम आधी पाहावेत, आणि पुडीवर तीन नावे लिहावीत: ढेमसे, टींडसी, टिंडा. विमानतळावरच्या अधिकाऱ्यासाठी चौथे ‘ड्राय राउंड गोर्ड’ असे लिहिले तरी चालेल.

आणि चुकून जून ढेमशी घरात आलीच, तर ती टाकून देऊ नयेत. बिया वेगळ्या काढून, धुऊन, दोन दिवस सावलीत सुकवून तव्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारत भाजल्या, की दुपारी दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या सोलून खायला त्या कलिंगडाच्या बियांइतक्याच गोड लागतात.